पेटीत पास झालेले अंडे

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात दिवा होता! इतर पेट्यांत साड्या असतात, कागदपत्रे असतात, वाण्याच्या पेटीत गूळ असतो. माझ्या पोटात साठ वॅटचा दिवा आणि माथ्यावर एक गोल भोक. त्या भोकावर अंडे ठेवले की ते असे उजळायचे, असे उजळायचे, की बघणाऱ्याचे तोंड उघडेच राहायचे. हे सांगताना अजूनही माझ्या फळ्या करकरतात. आता मी माळ्यावर आहे. वायर उंदरांनी खाल्ली, आणि दिव्याच्या जागी एका पालीने बिऱ्हाड केले आहे. पण एके काळी वरणगावच्या बाजारात माझ्यासमोर रांग लागायची. थापा मारत नाही. थापा मारायची मला सोयच नाही. ती का नाही, तेच तर सांगायचे आहे.

माझे लाकूड वरणगावच्या फॅक्टरीतले. तिथले मालाचे खोके जुने झाले की लिलावात निघत, आणि गावात कुणाकडे त्यांचे कपाट होई, कुणाकडे पाळणा, कुणाकडे कोंबड्यांचे खुराडे. त्यातला एक खोका लोटनभाऊंनी घेतला. लोटनभाऊ फॅक्टरीतच खोके ठोकायच्या कामावर होते, म्हणून हात सुताराचा. पण घाई फार! माझ्या पुढच्या फळीवर काळ्या रंगात बाण होता आणि बाणाशेजारी लिहिले होते, 'ही बाजू वर'. लोटनभाऊंनी ती फळी नेमकी उलटी ठोकली. त्यामुळे बाण जमिनीकडे बघतो आणि मी जन्मापासून डोक्यावर उभी आहे असे कुणालाही वाटावे. शेजाऱ्यांनी खूप चेष्टा केली. मी म्हणते, पेटी उलटी असली तरी चालेल, अंडे सुलटे दिसले म्हणजे झाले.

मला बनवायचे कारण मोठे गमतीचे, पण द्रौपदाबाईला त्या दिवशी गंमत वाटली नव्हती. द्रौपदाबाई म्हणजे लोटनभाऊंची बायको. ती बाजारात अंडी विकायची. तिचे माहेर साक्रीकडचे, त्यामुळे वरणगावात वीस वर्षे काढूनही तिच्या बोलण्यातला 'आहे'ऐवजीचा अहिराणी 'शे' काही गेला नाही. कोंड्याने भरलेल्या टोपलीत एका बाजूला पोल्ट्रीची पांढरी अंडी, दुसऱ्या बाजूला खेड्यांतून आणलेली गावठी. एकदा एका गिऱ्हाईक बाईने घरी तव्यावर गावठी अंडे फोडले आणि आतून निघाले अर्धे झालेले पिल्लू! ती बाई तशीच गरम तवा पक्कडीत धरून बाजारात आली. अख्खा बाजार तव्याभोवती गोळा झाला. लोक हसले, कुणी नाक दाबले, आणि द्रौपदाबाई टोपली उचलून घरी आली ती जेवलीच नाही. 'मी दखीसन देती, तर असं व्हतं का?' एवढेच म्हणत राहिली. पण अंड्याच्या आत बघणार कशाने?

मग लोटनभाऊंनी दोन रविवार खपून मला ठोकले. आतून तेलाच्या डब्याचा चकचकीत पत्रा लावला, भोकाच्या कडेला सायकलच्या ट्यूबचे रबर बसवले, म्हणजे अंडे फुटू नये. आणि म्हणाले, "आता कोनी तवा घेऊन येनार नाही."

मित्रांनो, माझा पहिला बाजार मी कधी विसरणार नाही! आमच्या कापडी पालाशेजारी सुपडूआबांचे चहाचे दुकान होते. त्यांनी दुकानातून वायर ओढून दिली आणि मोबदल्यात दर बाजारी एक उकडलेले अंडे ठरले. माझ्यावर गोणपाट टाकलेले. गिऱ्हाइकाने जुन्या काळच्या फोटोवाल्यासारखे डोके गोणपाटात घालायचे, द्रौपदाबाई भोकावर अंडे ठेवणार, आणि बटण दाबले की टप्प! ताजे अंडे संत्र्यासारखे एकसारखे उजळते. त्याच्या रुंद बाजूला हवेचा छोटासा चंद्र दिसतो. अंडे जुने झाले की तो चंद्र मोठा होतो. आत पिल्लू धरले असेल तर लाल शिरांचे जाळे दिसते. पहिल्या दिवशी अंडी कमी विकली गेली आणि डोकी जास्त आत आली. "अवो माय, बठ्ठं दिसतं वो, आतलं सगळं!" असे ओरडत एक म्हातारी गोणपाटासकट मागे पडली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवसापासून मी फुगले. पेटीने फुगू नये, लाकूड तडकते, पण फुगले.

आता वच्छलाबाईची गोष्ट सांगते, कारण खरा जीव तिच्यात अडकला होता.

वच्छलाबाई केळीच्या बागाइतीतली. घर कडक शाकाहारी, अंड्याचे नाव घरात निघायचे नाही. पण तिच्या गिरधरला क्षय झाला. ऐन पंचविशीतला पोरगा, केळीचा घड एका खांद्यावर सहज उचलणारा, तो खाटेवर पडला. भुसावळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले की गोळ्या महिनोन्महिने खायच्या, आणि पोराच्या अंगात काही राहिले नाही, रोज दोन अंडी द्या. वच्छलाबाईने आठ दिवस विचार केला. मग अंगणाच्या टोकाला तीन दगडांची चूल मांडली, एक वेगळे पातेले घेतले, आणि बाजारात आली.

ती अंड्याला हात लावायची नाही. केळीचे सोपट, म्हणजे खांबाची सोललेली साल, पन्हाळीसारखी घेऊन यायची. "गोनपाटावर ठेव बाई," म्हणायची. द्रौपदाबाई गोणपाटावर अंडी ठेवी, आणि ही सोपटात लोटून घेई, वरून केळीचा वाळका पाला दाबून बांधे. द्रौपदाबाईच्या हातातून मात्र कधी घ्यायची नाही. तो विटाळ अंड्याचा होता की आणखी कशाचा, हे मी कधी विचारले नाही. द्रौपदाबाईनेही विचारले नाही. पण अंडी निवडताना ती वच्छलाबाईची अंडी दोनदा भोकावर धरायची, हे मी पाहिले आहे. आणि गिरधर सुधारू लागला होता! पौषात तो खाटेवर उठून बसायला लागला, माघात अंगणात फिरायला लागला. वच्छलाबाई हे सगळे गोणपाटाकडे बघून सांगायची, पण सांगायची.

आणि मग अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कोंबड्यांची मानमोडी आली.

मानमोडी हा कोंबड्यांचा रोग. कोंबडी माना वाकड्या करते, गोल गोल फिरते आणि मरते. पहूरच्या वाटेवर कुठल्याशा पोल्ट्रीत चारशे कोंबड्या गेल्या, अशी बातमी आली. बातमी वरणगावात पोहोचेपर्यंत चारशेच्या चार हजार झाल्या होत्या. त्यातच, मित्रांनो, आमच्या सुपडूआबांची मान धरली! ते दुपारी दुकानातल्या बाकावर उशीऐवजी साखरेचे पोते घेऊन झोपले, आणि उठले ते वाकडी मान घेऊनच. आणि दर बाजारी उकडलेले अंडे खाणारा माणूस गावात सर्वांना ठाऊक! मग काय विचारता? "सुपडूआबाले मानमोडी झाली!" लोक चहा प्यायला नव्हे, मान बघायला येऊ लागले. त्या बाजारी एकही अंडे विकले गेले नाही.

पण खरी कमाल पुढेच आहे. तिसऱ्या दिवशी सुपडूआबांची मान सरळ झाली. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तेल चोळले, उतार पडला. सुपडूआबा बाकावर चढले आणि ओरडले, "अरे, मी पेटीत पास व्हयेल अंडं खायेल होतो, म्हनून वाचलो! बिनपेटीचं खाल्लं असतं तर मान तुटूनच पडली असती!"

झाले! पुढच्या बाजारी माझ्यासमोर रांग! खरोखरची रांग, मित्रांनो, केरोसीनच्या दुकानासमोर असते तशी. द्रौपदाबाईकडची अंडी तर खरीच, पण लोक घरची अंडी घेऊन आले, दुसरीकडून घेतलेली घेऊन आले. एक जण बदकाचे अंडे घेऊन आला, ते भोकात मावेना. "पास का?" "पास!" दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो. माझा पत्रा तापून लाल व्हायचा बाकी राहिला. सुपडूआबा बाहेर ओरडत होते, "या हो या, पेटीत पास व्हयेल अंडं! मान वाकडी व्हनार नाही!" त्यांचा चहाही जोरात चालला. त्यांनी द्रौपदाबाईला निळी पेन्सिल आणून दिली, पास झालेल्या अंड्यावर ठिपका काढायला. आणि पुढे हळूच म्हणाले, "लोकायले पांढरं नको, गावठी पाहिजे. चहाच्या चोथ्याच्या पान्यात बुडवू, बठ्ठे गावठी व्हतीन!"

"आबा, चहा पेवाले शे, अंडाले नही," द्रौपदाबाई म्हणाली, आणि पेन्सिल टोपलीखाली सरकवली.

मी मात्र खूश होते. मला वाटू लागले की मी डॉक्टर आहे! एवढी माणसे म्हणतात म्हणजे मला रोग दिसत असलाच पाहिजे. माझ्या पोटातला दिवा तोच, पत्रा तोच, भोक तेच. पण माझा थाट सिव्हिल सर्जनचा.

द्रौपदाबाईला मात्र हे खुपत चालले होते. एका सकाळी ती पदर खोचून गुरांच्या दवाखान्यात गेली आणि तिथल्या डॉक्टरांना सरळ सगळे विचारून आली. घरी येऊन तिने लोटनभाऊंना सांगितले ते मी कोपऱ्यातून ऐकले. हा रोग पक्ष्यांचा आहे. आजारी कोंबड्यांच्या घरचे अंडे घ्यायचे नाही, मेलेली कोंबडी खोल पुरायची. नीट उकडलेल्या अंड्याने माणसाला काही होत नाही. आणि ज्या पांढऱ्या अंड्यांना लोक भीत होते, ती पोल्ट्री भुसावळकडची होती. तिथल्या कोंबड्यांना लस टोचलेली होती. लस नव्हती ती खेड्यातल्या मोकळ्या कोंबड्यांना. म्हणजे लोक आगीतून उठून फुफाट्यात जात होते, आणि जाताना माझ्याकडून पास होऊन जात होते!

"पेटी काय करस मंग?" ती स्वतःशीच म्हणाली. तिच्या त्या बोलण्याने माझा सगळा थाट उतरला. पण उद्या बाजार होता, मला वाटले, बाजारात पुन्हा चढेल.

बाजारात रांग होतीच. पण रांग सोडून, हातात रिकामे सोपट घेऊन वच्छलाबाई पुढे आली. तीन आठवडे ती आली नव्हती. मानमोडीचे नाव ऐकल्यापासून तिने अंडी बंद केली होती, आणि गिरधर पुन्हा खाटेवर गेला होता. जेवण जात नव्हते, गोळ्या पोटात टिकत नव्हत्या. तिचे डोळे खोल गेले होते.

"बाई, मले एकच सांग," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने गोणपाटाकडे न बघता द्रौपदाबाईच्या तोंडाकडे बघितले. "ह्या पेटीत रोग दिसतो का? तू हो म्हन. मी आत्ताच घेते, आत्ताच जाऊन उकडते. माह्या पोराच्या पोटात अन्न नाही वो."

सगळी रांग थांबली. मी तर श्वास रोखून धरला, म्हणजे पेटीला जेवढा रोखता येतो तेवढा. मला वाटत होते, हो म्हण! 'हो' म्हटले की गिरधरला अंडी मिळतात, आणि माझा मान राहतो. सुपडूआबा मागून दबक्या आवाजात म्हणाले, "द्रौपदाबाई, हो म्हनायले तुले काय जातं?"

मित्रांनो, द्रौपदाबाईच्या घरात मी ज्या फळीखाली राहायची, त्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती. रोज सकाळी घरातली सगळी माणसे तिथे पंचशील म्हणायची. खोटे बोलणार नाही, हे त्यातले चौथे शील ऐकून ऐकून माझ्याही पाठ झाले होते. पण पाठ असणे वेगळे आणि बाजारात, रांगेसमोर, एका रडवेल्या आईसमोर ते पाळणे वेगळे. द्रौपदाबाईने हातातले अंडे परत कोंड्यात ठेवले.

"नही, अक्का," ती म्हणाली. "ह्या पेटीमा रोग दिसस नही. अंडं ताजं का जुनं, ते दिसस. पिलू शे का, ते दिसस. रोग दिसस नही." मग रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाली, "कोनाले बी दिसस नही! डॉक्टरनी सांगेल शे, कोंबडी आजारी व्हई त्या घरनं अंडं लेवानं नही. बाकीनं अंडं खदखद उकाळानं, दहा मिनिट. मंग खावानं. मन्ही पोरले बी मी तसंच देस."

तिने लगेच सुपडूआबांच्या शेगडीवरच्या पातेल्यातले उकडलेले अंडे काढले, सोलले आणि सगळ्यांसमोर खाल्ले. पांढरे! पोल्ट्रीचे!

पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक चिडले. "मंग चार बाजार आमचे डोके गोनपाटात कायले घातले?" असे म्हणत रांग पांगली. ज्यांनी मला डॉक्टर केले होते, त्यांनीच जाताना मला लाथ मारली. बाणाखालचा तो खड्डा अजून आहे. वच्छलाबाई रिकामे सोपट घेऊन निघून गेली. आणि सुपडूआबांनी रागारागाने वायर ओढून काढली. "जिले दिसत नाही, तिले उजेड कायले?" माझा दिवा विझला. मला इतकी लाज वाटली! आणि द्रौपदाबाईचा रागही आला, खोटे कशाला बोलू? एका शब्दाने तिने मला डॉक्टरची पुन्हा पेटी केली होती.

पुढचा बाजार आला. द्रौपदाबाईने मला न्यायचे कारण नव्हते, वायर नव्हती. तरी तिने डोक्यावर टोपली आणि काखेत मला घेतले. पालात आम्ही दोघी बसून होतो. भाव विचारील असे कुत्रे नाही. ऊन असे की कोंड्यातली अंडी आपोआप उकडतील की काय वाटावे.

आणि समोरून वच्छलाबाई आली. हातात सोपट नव्हते!

ती आली ती आधी सुपडूआबांच्या दुकानात गेली. "आबा, वायर जोडा," म्हणाली. बागाइतदारीण बोलली म्हटल्यावर आबांचा हात आपोआप वायरीकडे गेला. मग ती आमच्या पालात येऊन चक्क खाली बसली.

"गिरधरले बठ्ठं सांगितलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाई नाही म्हनाली, आता कोनावर भरोसा ठेवू? तर खाटेवरून पोरगं मले म्हने, आई, जी बाई एवढ्या लोकांत सोताच्या पेटीले 'दिसत नाही' म्हनते, ती उकळून खाय म्हनते ते तरी खोटं सांगीन का? हो म्हनाली असती, तर तिच्या दुसऱ्या बोलन्यावर मी भरोसा ठेवला नसता."

द्रौपदाबाईने सवयीने दोन पांढरी अंडी उचलली आणि गोणपाटावर ठेवायला वाकली.

"गोनपाटावर नको," वच्छलाबाई म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

उघडा, रिकामा हात, मित्रांनो! केळीच्या चिकाने काळे डाग पडलेला. द्रौपदाबाईने त्या हातात अंडे ठेवले. दोघींची बोटे एकमेकींना लागली आणि कुणी मागे घेतली नाहीत. मग वच्छलाबाईने आपल्या हाताने ते अंडे माझ्या भोकावर धरले. टप्प! दिवा लागला. अंडे उजळले, त्याचा छोटा चंद्र दिसला, आणि त्याच्याभोवती तिची बोटे आतून लालभडक झाली. माझ्या सगळ्या आयुष्यात मी हजारो अंडी पाहिली, पण धरणाऱ्याच्या हाताकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले.

"जेवढं दिसतं तेवढं पाह्यते," ती म्हणाली. "बाकीचं तू सांगितलं तसं, दहा मिनिट."

दिवाळीच्या आत गिरधर स्वतः आला. सायकलवरून, मागे केळीचा अख्खा घड बांधून! घड त्याने एका खांद्यावर उचलला आणि पालात आणून टेकवला. सुपडूआबांनी लगेच जाहीर केले की पोरगे पेटीमुळे वाचले. गिरधर आणि द्रौपदाबाई दोघेही एकदम म्हणाले, "नाही!" आणि सगळा बाजार हसला. मी पण हसले. मला त्या 'नाही'चा राग आला नाही, उलट हुरूप आला! त्यानंतर मी नऊ वर्षे बाजारात बसले, आणि 'पास' या शब्दाचा अर्थ गिऱ्हाइकाला आधी समजावून सांगितल्याशिवाय द्रौपदाबाईने माझे बटण एकदाही दाबले नाही.

आता मी माळ्यावर आहे, ते सांगितलेच. द्रौपदाबाई थकली, बाजार सुटला. तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी जुनी, उलटी ठोकलेली वस्तू पडलेली असेल. तिच्यावरची धूळ झटका, तिला विचारा, तिने काय काय पाहिले आहे. आणि कधी पुन्हा कोंबड्यांवर रोग आला, बाजारात हूल उठली, तर सगळे ठाऊक असल्यासारखे ओरडणाऱ्याकडे धावू नका. 'एवढे मला दिसते, एवढे दिसत नाही' असे सांगणारे माणूस शोधा. ते बहुतेक कुठेतरी एकटेच बसलेले असेल.

आणि माझे एक काम करा. त्या पालीला हळूच दुसरीकडे हलवा, एक नवी वायर आणा, साठ वॅटचा दिवा लावा. मग माझ्या भोकावर अंडे धरा, पण आपल्या हाताने धरा. मी जुनी झाले आहे, तरी अजून दाखवीन. अंडे दाखवीन, आणि तुमची बोटेही.